वेंधळी नव्हे : मुलींमधला शांत एडीएचडी ओळखायला उशीर का होतो?

सीवूड्समधल्या कुठल्याही सोसायटीत दिसेल असं हे चित्र. सातवीतली मुलगी गणिताची वही उघडून दीड तास बसली आहे आणि झालीत फक्त दोन उदाहरणं. मधल्या वेळात पेन्सिलीला टोक काढून झालं, खिडकीतून डीपीएस तलावाकडे जाणारे फ्लेमिंगो बघून झाले. पाण्याची बाटली शाळेत राहिली, या महिन्यातली तिसरी. आई विचारते, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" आजी पुढचं बोलते, "मुलीच्या जातीला एवढा वेंधळेपणा बरा नव्हे."

हा एडीएचडी असू शकतो, हे घरात कुणाच्या मनातही येत नाही. कारण एडीएचडी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बाकावर उड्या मारणारा मुलगा.

या चित्राचा इतिहास जुना आहे. 1902 साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा 20 मुलांचं वर्णन केलं. त्यात 15 मुलगे होते, मुली फक्त 5. चंचलता नसतानाही केवळ लक्ष न टिकण्याचा विकार असू शकतो, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1980 मध्ये आलं. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत, अशी अटही पुढे बरीच वर्षं होती. 2013 मध्ये ती बारा वर्षांवर आली. मुलींसाठी हा बदल मोठा आहे. पाचवी-सहावीपर्यंत हुशारीवर निभावून जातं; विषय, प्रोजेक्ट आणि क्लास वाढले की गाडी अडते.

शांत प्रकारात नऊ लक्षणं पाहतात. निष्काळजी चुका, काम अर्धवट सुटणं, वस्तू हरवणं, समोरच्याचं बोलणं कानावरून जाणं, विसरणं वगैरे. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये त्यातली किमान सहा, सहा महिने तरी, आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. म्हणजे एखादं रील बघून "अय्या, सेम मी!" वाटणं हे निदान नव्हे.

शाळेतून तक्रार येते ती वर्ग डोक्यावर घेणाऱ्याची. ही कुणालाच त्रास देत नाही. उलट ती झाकायला शिकते : रात्री जागून वह्या पूर्ण करते, दप्तर तीनदा तपासते, मैत्रिणीचं बघून लिहून घेते. मार्क बरे पडतात, म्हणून "काही नाही, आळशीपणा आहे" हा निकाल पक्का होतो. काही वर्षांनी तीही तो मान्य करते. तोवर चिंता किंवा नैराश्य आलेलं असेल, तर उपचार बऱ्याचदा फक्त त्याचेच होतात.

आणि नाव कळलं तरी ते लपवलं जातं. "कागदावर आलं तर उद्या लग्नाच्या वेळी?" ही भीती सुशिक्षित घरांतही आहे. मुलाचा पसारा "मुलगेच ते" म्हणून खपतो, मुलीचा पसारा सासरपर्यंत पोचतो. 2007 च्या 'तारे ज़मीन पर'ने डिस्लेक्सिया घराघरात नेला. शांत एडीएचडी असलेल्या मुलीच्या वाट्याला तसा सिनेमा आलेला नाही.

व्यवस्थेतही विसंगती आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडी आहे, पण ही पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. सीवूड्समधली बरीच मुलं खासगी शाळांत शिकतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे डिस्लेक्सियासाठी परीक्षेत मिळणारा जादा वेळ हिला सहज मिळत नाही. दोन्ही असतील (असं पुष्कळदा असतं), तर अध्ययन अक्षमतेचीही तपासणी जरूर मागा.

निदानासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नसतो. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ पालकांशी आणि मुलीशी बोलतात, शिक्षकांकडून माहिती घेतात. झोप, दृष्टी, श्रवण, चिंता अशी दुसरी कारणं तपासतात. मग समुपदेशन, अभ्यासाचे छोटे तुकडे, शाळेत पुढचा बाक, आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हा शेरा किती इयत्तांपासून आहे, ते डॉक्टरांना दाखवा. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो.