तेलगळती आणि पंचनाम्याच्या मर्यादा

सेवेच्या सुरुवातीच्या काळात किनारपट्टीवरील एका उपविभागात माझी नेमणूक होती. पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी खाडीच्या मुखाशी काळ्या तेलाचा तवंग आल्याची वर्दी मिळाली. आम्ही मजूर लावले, माखलेली वाळू उचलली, पंचनामा केला आणि चौथ्या दिवशी मी वरिष्ठांना कळविले, "किनारा स्वच्छ. परिस्थिती पूर्ववत." पुढील हंगामात खाडीत शिंपले वेचून उदरनिर्वाह करणाऱ्या महिलांचा अर्ज आला. शिंपले मिळेनासे झाले आहेत, नुकसानभरपाई मिळावी, अशी त्यांची मागणी होती. पूर्वी किती शिंपले मिळत होते, याची नोंद कोणत्याही कार्यालयात नव्हती. "पुराव्याअभावी अर्ज निकाली काढण्यात येत आहे," असा शेरा मारून मी सही केली. शेरा नियमाला धरून होता. तो वस्तुस्थितीला धरून होता काय, हा प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि त्यापायीच तेलगळतीच्या संशोधनाचा इतिहास मी वाचू लागलो.

या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला घडले. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज सेव्हन स्टोन्स या खडकांवर आदळले. जहाजात सुमारे १,१९,००० टन कुवेती कच्चे तेल होते. एवढ्या मोठ्या गळतीचा अनुभव कोणत्याच शासनाच्या गाठीशी नव्हता. अखेरीस विमानांतून बॉम्ब टाकून उरलेले तेल जाळण्याचा प्रयत्न झाला. समुद्रावर आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतण्यात आले. ही रसायने मुळात यंत्रांवरील तेलकटपणा काढण्यासाठी बनविलेली होती. सजीवांवर त्यांचा काय परिणाम होईल, हे तपासण्यास कोणालाही सवड नव्हती.

प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेने आपले नेहमीचे काम बाजूला ठेवून या किनाऱ्यांची पाहणी केली. संचालक जे. ई. स्मिथ यांनी संपादित केलेला अहवाल १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेलाने हजारो समुद्रपक्षी मारले होते, हे खरेच. परंतु खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टीचा मोठा संहार तेलापेक्षा डिटर्जंटनेच केला होता. खडकाला टोपीसारखे चिकटून राहणारे आणि शेवाळ खाऊन जगणारे लिंपेट नावाचे प्राणी मेले. चरणारेच न उरल्याने खडक हिरव्या शेवाळाने झाकले गेले, पुढे त्यांवर तपकिरी समुद्रशैवाल माजले. त्याच्या आडोशाला लिंपेटांची नवी पिढी प्रमाणाबाहेर वाढली, तिने सारे शैवाल फस्त केले आणि मग अन्नाअभावी तिचीही संख्या घसरली. भरपूर डिटर्जंट वापरलेल्या किनाऱ्यांवर हे हेलकावे शांत होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली. गॉडरेव्ही येथे मात्र सीलांना अपाय होईल या भीतीने डिटर्जंट वापरले नव्हते. तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. जेथे प्रशासनाने हात आवरला, तेथे निसर्ग लवकर सावरला, ही गोष्ट आम्हा प्रशासकांना अवघड वाटणारी आहे.

दुसरे प्रकरण आकाराने लहान, पण महत्त्वाने मोठे आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फाल्मथजवळ 'फ्लोरिडा' या बार्जमधून सुमारे सात लाख लिटर इंधन तेल सांडले. काही दिवसांतच ते दिसेनासे झाले. तेल उडून जाते, उरलेले जीवाणू खातात, असा त्या वेळचा सर्वसाधारण समज होता. परंतु वुड्स होल ही सागरविज्ञान संस्था तेथून जवळच होती. हॉवर्ड सँडर्स यांनी तळाच्या गाळातील लहान जिवांची मोजणी केली, तर रसायनशास्त्रज्ञ मॅक्स ब्लूमर यांनी त्याच गाळात आणि शिंपल्यांच्या मांसात तेलाचे घटक शोधून काढले. तेल नाहीसे झाले नव्हते, ते गाळात उतरले होते. सुमारे तीस वर्षांनंतरही खाजणाच्या चिखलात ते सापडले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेथील खेकडे तेलाचा थर टाळण्यासाठी आपली बिळे उथळ खणत होते.

मार्च १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ'मधून सुमारे ३७,००० टन तेल सांडले, तेव्हा किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्यात आले. तुलनेसाठी काही पट्टे मुद्दाम न धुता ठेवले होते. धुतलेल्या पट्ट्यांतील जीवसृष्टीची हानी सुरुवातीच्या वर्षांत अधिक असल्याचे त्यामुळेच कळले. पाण्यातील तेलघटकांचे प्रमाण अब्जांशात मोजावे इतके अल्प असले, तरी सामन माशांच्या अंड्यांतील भ्रूणांना इजा होते, हेही तेथील अभ्यासांतून पुढे आले. किनाऱ्याचा तळ उकरून अन्न शोधणाऱ्या समुद्री ऊदमांजरांना सावरण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

यावरून रसायने सरसकट वर्ज्य आहेत, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आजची तेलविखुरक रसायने १९६७ च्या मानाने कमी विषारी आहेत, आणि खोल समुद्रात त्यांचा वेळीच वापर केल्यास तिवरांची वने वाचू शकतात. मात्र हा निर्णय किनाऱ्याच्या प्रकारानुसार आणि पूर्वतयारीने घ्यावयाचा असतो.

आपल्याकडे १९९६ पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना आहे आणि तिच्या समन्वयाचे काम तटरक्षक दलाकडे आहे. तरीही ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या मुखाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल तिवरांत शिरले. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे शेकडो माणसे बादल्यांनी तेल उपसत होती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर त्याच एन्नोरच्या खाडीत पुन्हा तेल पसरले. प्रत्येक वेळी किती टन तेल गोळा केले, याचा आकडा आपण तत्परतेने देतो, कारण तो मोजणे सोपे असते. गाळात किती जीव उरले, हा आकडा देण्यासाठी ते आधी किती होते, हे माहीत असावे लागते.

किनारपट्टीच्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे. गळती होण्याची वाट न पाहता जवळच्या महाविद्यालयाच्या मदतीने खाडीतील चार-पाच ठरावीक जागी दरवर्षी शिंपले, खेकडे आणि गाळातील जीव मोजून ठेवावेत. शिंपले वेचणाऱ्या महिलांकडून रोजच्या टोपल्यांची नोंद घ्यावी. गळती झाल्यास गाळाचे नमुने सीलबंद करून गोठवून ठेवावेत, तज्ज्ञांच्या सल्ल्याने किनाऱ्याचा एखादा पट्टा न धुता राखावा आणि नस्ती बंद करण्यापूर्वी तीन वर्षांनंतरच्या फेरपाहणीची तारीख तीवर लिहावी. यास फारसा खर्च येत नाही.

त्या महिलांकडे पुरावा नव्हता, असे मी लिहिले होते. पुरावा ठेवण्याचे काम त्यांचे नव्हते, ते माझ्या कार्यालयाचे होते. आज तो अर्ज समोर आला, तर शेऱ्यात मी एवढेच लिहीन.