चावडीवरचा रेडिओ

२०२० सालचा उन्हाळा-पावसाळा आपण कोणीच विसरलेलो नाही. शाळा-कॉलेजे बंद होती आणि आम्ही मास्तरमंडळी मोबाईलच्या काचेकडे बघून शिकवत होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज वेळेवर हजेरी देई आणि पंधरा मिनिटांनी दिसेनासा होई. मी मनात त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. पुढे कळले की घरात फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडिलांना दुधाच्या गाडीवर जायचे असे. मुलगा पंधरा मिनिटांत जमेल तेवढा इतिहास शिकत होता.

या गोष्टीला हल्ली ‘डिजिटल दरी’ म्हणतात. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतल्या शंभर घरांपैकी सुमारे बेचाळीस घरांत इंटरनेटची सोय आढळली, खेड्यांत ती शंभरात पंधरा घरांतच. पण वाचकहो, आज मला तुम्हाला या दरीची जुनी हकिकत सांगायची आहे. बातमी आणि माहिती आणणारे यंत्र शहरात आहे, खेड्यात नाही. किंवा खेड्यात आहे, पण ठरावीक लोकांच्याच हाती आहे, ही अडचण आपल्या मुलखात एकदा अगदी शिस्तीने मोजून पाहिली गेली. ते साल १९५६. यंत्र होते रेडिओ, आणि केंद्र होते पुण्याची आकाशवाणी.

त्या वेळची स्थिती आधी ध्यानात घ्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला सहा रेडिओ केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. त्यांचा आवाज देशाच्या अवघ्या अडीच टक्के भूमीवर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत होता. पुणे केंद्र १९५३ साली निघाले. रेडिओ घ्यायचा तर पैसे लागत, शिवाय परवाना लागे आणि त्याची फी दरसाल पोस्टात भरावी लागे. गावात वीज नाही, म्हणून बॅटरीचा खर्च वेगळा. अशा गावात सरकारने सार्वजनिक रेडिओ दिला, की तो चावडीत, शाळेत नाही तर देवळाच्या ओवरीत ठेवला जाई. बॅटरी उतरली, की नवी येईपर्यंत पेटी मुकी!

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी वेळेवर दिली, पेट्या वाढवल्या, की झाले. पुष्कळ शहाण्या माणसांचेही तेव्हा हेच मत होते. ते मत खरे की खोटे, हे पुणे केंद्राच्या प्रयोगाने तपासले.

प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम होत असे. ठरलेल्या रात्री शेजारपाजारचे शेतकरी एकाच्या घरी जमत, विषयावरची पत्रिका आधी वाचत, मग रेडिओ ऐकत, त्यावर बोलत आणि आपले म्हणणे लिहून केंद्राकडे धाडत. भर पुढच्या गोष्टीवर होता : ऐकणे हे काम अर्धेच, बोलणे आणि करणे हा उरलेला अर्धा भाग. युनेस्कोने ही कल्पना भारतात करून बघण्यासाठी मदत दिली. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. हिंदी नाटककार म्हणून ते वाचकांना ठाऊक असतील. त्यांनी ती उचलली, आणि जागा ठरली तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे.

दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचे मंडळ केले. एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रकाला लिहिता-वाचता यायला हवे, म्हणून हे काम पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरांकडे गेले. (शिक्षकांना जादा कामे लावायची आपली परंपरा किती जुनी आहे पाहा!) फेब्रुवारी ते एप्रिल १९५६, असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला, की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे. निमंत्रकाने टिपण करून पुण्याला पाठवायचे. मंडळांनी विचारलेल्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात.

पुण्याहून आलेला आवाज खेड्याने ऐकायचा, ही रीत तोवर होती. खेड्याने पुण्याला विचारायचे आणि पुण्याने उत्तर द्यायला बांधील असायचे, हे नवे होते. ज्याला कोणी कधी काही विचारले नाही, त्याच्या टिपणाला मुंबई-पुण्याकडून उत्तर येते, ते सगळ्या मुलखाला ऐकू जाते, याचा त्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचा अंदाज तुम्ही-आम्ही करू शकतो.

मोजमापाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याचे प्रमुख होते पॉल नॉयराट नावाचे समाजशास्त्रज्ञ. या माणसाविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते मूळचे व्हिएन्नाचे. त्यांचे वडील ओटो नॉयराट यांनी १९२५ साली व्हिएन्नात एक संग्रहालय काढले होते. कामगाराला आकड्यांचे तक्ते वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी आकड्यांची चित्रे केली. एका छोट्या माणसाचे चित्र म्हणजे इतके हजार बेकार, असे. आज शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आपण जी चित्रमय आकडेवारी पाहतो, तिच्या घडणीत या गृहस्थांचा मोठा वाटा आहे. मुलगा पॉल नाझींच्या तावडीत सापडला, दाखाऊ आणि बूखेनवाल्ड या दोन छळछावण्यांतून जिवंत सुटला आणि अमेरिकेला पोहोचला. बापाने व्हिएन्नाच्या मजुरासाठी जे केले, त्याच्याच शेजारचे काम मुलगा मराठी मुलखातल्या चावड्यांवर करीत होता. इतिहासात असे धागे असतात. ते ओढून-ताणून जुळवावे लागत नाहीत.

नॉयराट यांनी तुलना अशी मांडली. मंडळाची वीस गावे तपासायला घेतली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली वीस गावे घेतली. त्यांतल्या दहा गावांत रेडिओ होता, दहांत नव्हता. कार्यक्रम सुरू होण्याआधी माणसांना प्रश्न विचारले आणि संपल्यावर पुन्हा विचारले.

निकाल काय लागला? मंडळांच्या गावांतल्या लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. रेडिओ नसलेल्या गावांत फारशी वाढली नाही, हे अपेक्षितच होते. पण खरी गोम मधल्या दहा गावांत होती. तिथे रेडिओ होता, तोच कार्यक्रम हवेतून तिथेही येत होता. आणि तरीही तिथली वाढ किरकोळ निघाली. पेटी आहे आणि पेटी नाही, या दोन गावांतले अंतर थोडे. पेटी आहे आणि पेटीभोवती बोलणारी माणसे आहेत, या गावाचे अंतर फार मोठे.

नुसती माहिती वाढून काय उपयोग, असे कोणी विचारील. मंडळांनी कामेही हाती घेतली. कुठे पिण्याच्या पाण्याची विहीर, कुठे जातिवंत वळू, कुठे लेगहॉर्न कोंबड्या, कुठे बालवाडी. दहा आठवड्यांत यातले किती तडीस जाणार! पण निर्णय गावाने एकत्र बसून घेतले, आणि खेड्यात निर्णय कोण घेतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली छापला आणि विकसनशील देशांत तो पुष्कळ वाचला गेला.

इथपर्यंतची हकिकत ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, तेव्हा एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. मंडळात वीस माणसे. हे वीस जण कोण?

मंडळे बहुतांशी पुरुषांची होती. कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणजे चूल पेटण्याच्या वेळेचा. चावडीवर जाऊन बसायला कोणती बाई मोकळी होती, आणि असती तरी तिला कोणी बसू दिले असते? विहिरीचे पाणी ओढणारी ती, कोंबड्या राखणारी ती, आणि विहिरीची नि कोंबड्यांची चर्चा तिच्या पाठीमागे! दुसरी गोष्ट जातीची. चावडीत बैठकीवर कोणी बसायचे आणि पायरीखाली कोणी उभे राहायचे, हे १९५६ साली प्रत्येक गावाला पाठ होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती काही उगाच नव्हे. रेडिओचा आवाज भिंतीपलीकडे जातो. पायरीखालच्या माणसाला तो ऐकू येतच होता. त्याचा आवाज वर येत होता का, हे मात्र रेडिओच्या हातात नव्हते.

१९५९ पासून ही मंडळे देशभर काढायचे ठरले आणि त्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. आकडा वाढला तसा जीव कमी होत गेला. दीडशे गावांत निमंत्रक शिकवून तयार करता येतो, त्याची विचारपूस ठेवता येते. हजारो गावांत तेच काम कागदावर होऊ लागते. टिपणे येईनात, आली तर उत्तरे जाईनात. एवढ्यात ट्रान्झिस्टर आला. खांद्याला अडकवून बैलगाडीत, मळ्यात नेता येणारा रेडिओ! ही फार मोठी सोय झाली, तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मळ्यात एकट्या राबणाऱ्या माणसाला आणि घरातल्या बाईलाही त्याने बातम्या दिल्या, गाणी दिली. पण चावडीवरची बैठक मोडली ती मोडलीच.

चाळीस वर्षांनी हाच प्रश्न नवे यंत्र घेऊन परत आला, आणि योगायोग असा की पुन्हा आपल्याच भागात. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणकांचे जाळे उभारण्याची योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी संस्था, असे तिघे त्यात होते. गावोगावी माहिती केंद्रे निघाली. शेतकऱ्याला बाजारभाव कळावा, पिकाचा सल्ला मिळावा, मुलांना शिक्षण मिळावे, असे मोठे मनोरथ होते.

प्रत्यक्षात त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामासाठी झाला : नोंद, तोडीची पाळी, कारखान्यात गेलेल्या उसाचे वजन, खताचा हिशेब. संगणकाला हात लावणारा केंद्रचालक, शेतकरी समोर उभा. जाणकारांनी यावर टीका केली, योजना फसली म्हणाले. मला तितके कठोर होववत नाही. ज्याचा ऊस फडात वाळतो आहे, त्याला तोडीची तारीख हीच जगातली पहिली बातमी! शेतकऱ्याने यंत्राकडून आपल्याला हवे ते घेतले. योजना आखणाऱ्याच्या मनातले त्याला हवे नव्हते, एवढेच.

पुढचे प्रकरण मात्र मौजेचे आहे. ते संगणक जुने झाले, ते चालते ठेवणे महाग पडू लागले. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत एक पालट करून पाहिला. संगणक बाजूला ठेवला आणि साध्या मोबाईलवरून लघुसंदेश पाठवून हीच माहिती मिळण्याची सोय केली. शेतकऱ्यांना ती जास्त पसंत पडली आणि खर्चही पुष्कळ कमी आला. पहिला प्रश्न जर ‘गावात संगणक कसा न्यावा’ असा न विचारता ‘उसाचे वजन शेतकऱ्याला लौकर कसे कळेल’ असा विचारला असता, तर आठ वर्षांचा वळसा वाचला असता.

२०२० साली पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडच्या काही पाड्यांवर कार्यकर्त्यांनी ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले आणि मुले अंतर राखून अंगणात बसून शिकली. फोन नाही, रेंज नाही, म्हणून भोंगा. शहरातल्या मंडळींना त्याचे कौतुक वाटले, थोडे हसूही आले असेल. मला मात्र १९५६ ची चावडी आठवली : एक यंत्र, भोवती पुष्कळ माणसे, आणि मध्ये समजावून सांगणारे कोणी तरी.

शिक्षक मित्रांनो, शेवटी एक विनंती. त्या दीडशे मंडळांचे आकडे छापलेले आहेत. माणसे मात्र फारशी नोंदलेली नाहीत. तेव्हा पंधरा-वीस वर्षांचा असलेला श्रोता आज ऐंशी-नव्वदीत असेल. तुमच्या गावात असे कोणी म्हातारे गृहस्थ असतील तर त्यांना विचारून बघा : चावडीत पेटी कुठे ठेवली होती, बॅटरी कोण आणी, कोण बोले, कोण दाराशी उभे राही. आजीबाई असतील तर त्यांना विचारा, की त्या संध्याकाळी त्यांना काय ऐकू येत होते. आठवीच्या दोन मुलांना वही देऊन पाठवा. आणि ज्या मुलाच्या घरी फोन नाही, तो त्या दोघांत असू द्या.