व्यावसायिक माहितीचा ऑनलाइन शोध : शोधनीतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

वाणिज्य शाखेतील प्रकल्प अहवाल व शोधप्रबंध यांसाठी लागणारी माहिती आज प्रामुख्याने इंटरनेटवरून मिळविली जाते. शोधयंत्रात कंपनीचे नाव टाकावे आणि पहिल्या पानावर जे दिसेल ते उतरवून घ्यावे, अशी पद्धत विद्यार्थ्यांमध्ये रूढ झाली आहे. माहिती विपुल असूनही अहवाल उथळ राहतात, याचे एक कारण शोधाचे पूर्वनियोजन नसणे हे होय. प्रस्तुत लेखात व्यावसायिक माहितीच्या नोंदी कशा निर्माण होत गेल्या याचा आढावा घेऊन त्या इतिहासातून शोधनीतीची कोणती सूत्रे हाती लागतात, याचा विचार केला आहे.

वृत्तपत्र, तारायंत्र आणि कायदा

व्यापारी वार्ता ही प्रथमपासून विकाऊ वस्तू होती. ज्युलियस रॉयटर याने १८५० मध्ये आखेन व ब्रुसेल्स या शहरांदरम्यान कबुतरांमार्फत बाजारभाव पोहोचविले आणि १८५१ मध्ये लंडन येथे आपले कार्यालय थाटले. मुंबईत १८२२ साली सुरू झालेले 'मुंबई समाचार' व १८३८ साली निघालेले 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' ही पत्रे व्यापारी वर्गाची गरज ओळखूनच चालविली गेली.

मात्र वार्ता म्हणजे नोंद नव्हे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या तेजीमुळे मुंबईत अमाप पैसा आला आणि नव्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा माजला. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस अनेक पेढ्यांच्या दिवाळखोरीचा दिवस ठरला. भाव सर्वांना ठाऊक होते; परंतु भाग विकणाऱ्या कंपनीजवळ प्रत्यक्षात काय आहे, हे पडताळण्याचे साधन सामान्य गुंतवणूकदाराजवळ जवळजवळ नव्हते.

ही उणीव कायद्याने हळूहळू भरून काढली. भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला, तर मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली. १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम ६१० अन्वये निबंधकाकडील कागदपत्रे शुल्क भरून पाहण्याची मुभा कोणाही व्यक्तीस होती. हा हक्क असला तरी तो बजावण्यासाठी निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढावी लागे.

कागदाकडून पडद्याकडे

अमेरिकेत 'डायलॉग' ही व्यापारी तत्त्वावरील ऑनलाइन सेवा १९७२ मध्ये सुरू झाली. वापराच्या वेळेनुसार आकार द्यावा लागत असल्याने शोधकाला प्रश्नाची मांडणी, पर्यायी शब्द व त्यांची जोडणी आधीच कागदावर करावी लागे. शोधनीती ही संकल्पना अशा काटकसरीतून दृढ झाली. पुढे शोध फुकट झाला आणि ही शिस्त सैलावली.

अमेरिकेच्या रोखे आयोगाची 'एडगर' प्रणाली १९९३ ते १९९६ या काळात टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. तेथील कागदपत्रे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध व्हावीत यासाठी कार्ल मालामुड यांनी १९९३ पासून प्रयत्न केले आणि १९९५ मध्ये आयोगाने ते काम स्वतःकडे घेतले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सेबीने २००२ मध्ये 'एडिफार' हे संकेतस्थळ सुरू केले. ते २०१० मध्ये बंद झाले. कंपनी व्यवहार मंत्रालयाचा 'एमसीए-२१' प्रकल्प २००६ मध्ये कार्यान्वित झाला व निबंधकाकडील कागदपत्रे शुल्क भरून घरबसल्या पाहता येऊ लागली. २०१३ च्या कायद्यातील कलम ३९९ ने पाहणीचा हक्क कायम ठेवला.

शोधनीतीची सूत्रे

वरील इतिहासावरून पहिले सूत्र असे निघते की, माहिती कोठे मिळेल याआधी ती नोंदविण्यास कोण बांधील आहे, हे विचारावे. सूचिबद्ध कंपनीची तिमाही आकडेवारी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळते. खासगी कंपनीसाठी निबंधकाकडे जावे लागते. भागीदारी पेढीवर असे प्रकटनाचे बंधन नसल्याने तेथे क्षेत्रीय पाहणीला पर्याय उरत नाही.

दुसरे सूत्र ओळखीचे. एकाच नावाच्या अनेक कंपन्या असतात व नावे बदलतातही. म्हणून २१ अक्षर-अंकी कंपनी ओळख क्रमांक आधी मिळवावा. ती सूचिबद्ध आहे काय, तिचा उद्योग, राज्य, स्थापनावर्ष, प्रकार व नोंदणी क्रमांक हे सर्व त्यात क्रमाने सामावलेले असते.

तिसरे सूत्र काळाचे. 'एडिफार'प्रमाणे संकेतस्थळे बंद पडतात. म्हणून माहिती पाहिल्याची तारीख नोंदवावी आणि प्रत जतन करावी.

चौथे व सर्वांत महत्त्वाचे सूत्र पडताळणीचे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. हे ताळेबंद लेखापरीक्षित होते व कोणासही सहज सापडत होते. अधिकृत स्रोत सापडणे आणि सत्य सापडणे यांत अंतर असते. ते कमी करण्यासाठी परस्परांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन नोंदी ताडून पाहणे इष्ट ठरते.

समारोप

१८६५ मधील गुंतवणूकदाराजवळ नोंद नव्हती, तर २००९ मधील गुंतवणूकदाराजवळ नोंद होती पण ती खोटी होती. पहिली अडचण कायदा व तंत्रज्ञान यांनी बव्हंशी दूर केली आहे. दुसरी मात्र शोधकाच्या चिकित्सक वृत्तीनेच दूर होऊ शकते. प्रकल्पाचे मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून संदर्भसूचीबरोबरच शोधाचा आराखडाही लिहून घेतल्यास ही वृत्ती रुजण्यास निश्चितच साहाय्य होईल.