पावसाळी पारध, घोंगडी आणि इरले : देऊळघाट परिसराच्या निमित्ताने एक टिपण

वस्त्रांच्या इतिहासात पावसाळी आच्छादनांचा विचार बहुधा एकाच कसोटीने केला जातो : पाणी आत शिरते की नाही. शेतकऱ्यापुरती ही कसोटी पुरेशी होय. धनुष्यबाण घेऊन सावजाजवळ जाणाऱ्या पारध्याला मात्र आणखी दोन कसोट्या लावाव्या लागत. आच्छादन हलके आहे काय, आणि ते आवाज करते काय? बंदुकीचा पल्ला लांबचा. बांबूच्या साध्या धनुष्याला सावज अगदी जवळ यावे लागते. एवढ्या अंतरावर वस्त्राची सळसळही बाणाइतकीच निर्णायक ठरते. या दोन कसोट्यांनी पाहिले असता घोंगडी व इरले यांचा इतिहास निराळा दिसू लागतो.

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातील पैनगंगेकाठचे गाव. जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानतात. देऊळघाट घाटावर मोडते. जवळच्या अजिंठा रांगेतील रान शुष्क पानझडीचे असून त्याचा काही भाग १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्यात आला. उन्हाळ्यात या रानात सागाच्या वाळल्या पानावर पाऊल पडले तरी आवाज दूर जातो. पहिल्या पावसांनंतर तेच पान भिजून मुके होते. पायाचा आवाज असा नाहीसा झाला की पारध्याजवळ उरणारा मोठा आवाज त्याच्या अंगावरच्या पांघरुणाचा.

येथे साधनांचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. फासेपारध्यांचे मुख्य साधन, नावाप्रमाणे, फास होय. धनुष्याची परंपरा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल-भिलालांमध्ये आढळते. भिल्लांच्या धनुष्याची दोरी पुष्कळदा बांबूच्याच कामटीची असते, ही गोष्ट लहान वाटली तरी पावसाळ्याच्या संदर्भात महत्त्वाची आहे. शिंग, लाकूड व स्नायू सरसाने जोडून केलेले दरबारी धनुष्य ओलाव्याने बिघडते. बांबूच्या धनुष्यात सुटण्याजोगा सांधाच नाही. म्हणजे पावसात जपावयाचे ते मुख्यतः माणसाचे अंग, शस्त्र नव्हे.

अंग झाकण्यास काय होते? इरले प्रथम घेऊ. बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले हे आच्छादन वजनाला हलके. परंतु ते वाकून भातलावणी करणाऱ्याच्या पाठीसाठी घडलेले आहे, आणि त्याचा मूळ मुलूख कोकण-मावळाचा, ज्वारी-कापसाच्या वऱ्हाडचा नव्हे. पारध्याच्या दृष्टीने त्यात आणखी मोठा दोष असा की वाळल्या पानांवर थेंब पडू लागले म्हणजे आतल्या माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही. सावजाला आपण ऐकू जाऊ नये ही अर्धी गोष्ट झाली. सावज आपल्याला ऐकू यावे, ही उरलेली अर्धी. झुडपांतून जाताना इरल्याची कड अडकते ती वेगळीच.

घोंगडी याच्या अगदी उलट. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर धनगरांच्या घरी कातली जाते, सणगर ती विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ओला लागत नाही. तिच्यात उरलेले नैसर्गिक तेल थेंबाला काही काळ थोपवून धरते. आणि मऊ लवेमुळे ती फांदीला घासली तरी खरखरत नाही. डोक्यावर खोळ केली की दोन्ही हात मोकळे राहतात. दोष एकच, पण मोठा : मुळात दोनतीन किलोची घोंगडी झडीच्या पावसात भिजली म्हणजे अंगावर ओझे होते, आणि तिची सुटी कड प्रत्यंचेच्या वाटेत येते. यावरून प्रस्तुत लेखकाचे अनुमान असे की घोंगडी ही दबा धरून बसणाऱ्याची आणि माळ्यावरून पीक राखणाऱ्याची. चालत्या पारध्याने ती नेम धरण्यापूर्वी टाकूनच दिली असावी. लंगोटीवर भिजणे हाच त्याचा सर्वांत हलका व निःशब्द पोशाख! त्याच्या उघड्या अंगाला केवळ दारिद्र्याची खूण मानणाऱ्या लेखकांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

पाणी अडविणाऱ्या लोकरीची जाण आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लोकरी वस्त्रांच्या गणनेत आठ तुकडे जोडून केलेली नेपाळची काळी ‘भिङ्गिसी’ येते, आणि तिला स्पष्टपणे वर्षवारण म्हटले आहे. लोकरीचा मऊपणा व तलमपणा तेथे गुण म्हणून सांगितला आहे. आवाजाचा उल्लेख नाही. कोशाच्या अध्यक्षाला तो लागणार तरी कशाला?

१८२३ साली चार्लस् मॅकिन्टॉशने रबराचा थर दिलेल्या कापडाचे पेटंट घेतले. पाणी पूर्ण अडले, पण कापड ताठर झाले, आणि पुढे आलेले प्लास्टिक तर पावलागणिक वाजते. धनुष्याची शिकार जेथे कायदेशीर आहे अशा अमेरिकेसारख्या देशांत आता पातळ पटलावर लवदार विणीचा पदर चढवून मुके व हलके पावसाळी कपडे करतात. हा लवदार पदर म्हणजे घोंगडीच्या लवेचाच गुण दुसऱ्या वाटेने आणणे होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ही पारध संपली, आणि ते योग्यच झाले. प्रश्न उरतो तो वस्तूंच्या नोंदीचा. संग्रहासाठी घोंगडी वा इरले घेताना लांबीरुंदी टिपण्याची रीत आहे; त्याबरोबर कोरडे व भिजलेले वजन, आणि झुडपातून ओढले असता होणारा आवाज, हेही टिपावे. वापरणारी वृद्ध माणसे घाटावर व घाटाखाली दोन्हीकडे भेटतात, तोवर हे काम एका पावसाळ्यात होण्याजोगे आहे.