शांबरिक खरोलिका आणि रस्त्यावरील सावली

1892 च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं आपल्या पुत्रांच्या साहाय्यानें ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचे प्रयोग चालविले होते. शंबरासुर मायावी, म्हणून मायेस ‘शांबरी’ हें नांव. पटवर्धनांची माया मात्र कांचेची होती. कांचांवर हातानें रंगविलेलीं पौराणिक चित्रें दिव्याच्या योगानें पडद्यावर पडत. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था झटपट दाखविल्या म्हणजे ती हालते असा भास होई. सोबत निरूपण असे.

पुढें 7 जुलै 1896 रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं, व 1913 सालीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. हा क्रम प्रगतीचा खराच. पण त्यांत एक हानिही झाली असें आम्हांस वाटतें. कांच मनुष्याच्या हातीं होती. सभा रंगली तर चित्र थांबवितां येई, निरूपण वाढवितां येई. फीत मात्र यंत्राच्या गतीनें धांवते. प्रेक्षक हंसो वा रडो, तिला त्याचें सोयरसुतक नाहीं!

प्रेक्षकाचा हा गेलेला अधिकार रस्त्यावरील प्रकाशचित्रांनीं परत दिला आहे. 2001 सालीं राफाएल लोझानो-हेमर या कलावंतानें हॉलंडांतील रॉटरडॅम शहरीं एका चौकांतील इमारतीवर सामान्य नागरिकांचीं छायाचित्रें प्रकाशानें पाडलीं, आणि दुसऱ्या प्रखर दिव्यांनीं तीं पुसूनही टाकलीं. वाटसरू दिव्याआड आला म्हणजे त्याची सावली भिंतीवर पडे व तिच्यांत कोणा अनोळखी माणसाची मूर्ति प्रकट होई. सर्व मूर्ति सांवल्यांनीं उघडल्या म्हणजे यंत्र नवीं चित्रें आणी. येथें प्रेक्षकावांचून चित्रच नाहीं.

भिंतीवर नुसता झगमगाट करणें जाहिरातदारासही साधतें. कलेची कसोटी निराळी. 1595-96 च्या मोगल वेढ्यांत आमच्या नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यास खिंडार पडलें असतां चांदबिबीनें तें रातोरात बुजविलें. हा प्रसंग उद्यां कोणीं त्याच तटावर प्रकाशानें रेखाटला, तर आम्ही एवढेंच पाहूं, कीं त्या खिंडारांत उभें राहण्यास येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सावलीला जागा ठेविली आहे कीं नाहीं.