प्लाता

अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस ज्या नदीच्या काठी वसली आहे, तिचे नाव रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. 'प्लाता'चा मूळ अर्थ मात्र चांदी नव्हे. ग्रीकमधील 'प्लातूस' म्हणजे रुंद, सपाट. संस्कृत 'पृथु' त्याचाच सगोत्र. लॅटिनच्या बोलीरूपातून स्पेनमध्ये येताना या ग्रीक शब्दाचा अर्थ धातूचा पत्रा आणि पुढे चांदी असा झाला.

1516 मध्ये स्पेनच्या मोहिमेवरील दर्यावर्दी सोलिसने या नदीच्या अफाट मुखाला 'गोड्या पाण्याचा समुद्र' म्हटले. पुढच्या दशकात सेबास्तियन कॅबटच्या मोहिमेला स्थानिकांकडे चांदीचे तुकडे दिसले आणि नवे नाव रुजले. काठावर चांदी नव्हतीच. ती दूर अँडीजमधली. नदीचे पाणी तर गाळाने तपकिरी, चहात दूध घातल्यासारखे. 1536 मध्ये वसवलेले आणि काही वर्षांत ओस पडलेले बुएनोस आइरेस 1580 मध्ये पुन्हा उभे राहिले. 1776 मध्ये ते याच नदीच्या नावाच्या स्पॅनिश प्रांताची राजधानी झाले.

देशाचे नावही चांदीचेच: लॅटिन 'अर्जेंतुम'वरून अर्जेंटिना. संस्कृत 'रजत' आणि शुभ्र या अर्थाचा 'अर्जुन' हे त्याचे आप्त.

आज बुएनोस आइरेसच्या बाजारात 'प्लाता' म्हणजे सरळ पैसे. 'नो तेंगो प्लाता', म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत. मराठीतला रुपयाही 'रूप्य' या चांदीच्या नावावरूनच आला आहे.