शिप्रीचा सख्यासागर

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'शिप्रीला जाऊन येऊ' असं कुणी म्हटलं की पोरं आधी पाण्याच्या बाटल्या शोधायला लागत. शिप्री म्हणजे आजची शिवपुरी. कागदावर नाव बदलून शंभरेक वर्षं झाली, पण लष्करातल्या (आपला ग्वाल्हेरचा लष्कर भाग, फौज नव्हे) म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी शेवटपर्यंत शिप्रीच राहिलं. त्याला कारणही होतं. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोप्यांना फाशी दिलं ते याच शिप्रीच्या छावणीत. त्यामुळे आमच्याकडे सहल असली तरी आधी तात्यांच्या स्मारकाला हात जोडायचे आणि मगच तळ्यावर जायचं, असा नेम होता.

हे तळं म्हणजे सख्यासागर. माधव राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. हल्ली बरेच लोक त्याला चांदपाठा म्हणतात. आमच्या नात्यातली नवी पिढीसुद्धा 'चांदपाठा गए थे' असंच सांगते. नाव कुणाचं, हे विचारलं की गप्प. म्हणून हे लिहायला घेतलं.

सख्याराजे या माधवराव महाराज शिंद्यांच्या मातोश्री. जयाजीराव महाराज १८८६ साली गेले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते. कारभार कौन्सिलकडे गेला, महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले १८९४ साली. आईवर या माणसाचा फार जीव. शिवपुरीला आईची छत्री बांधली आणि पुढे त्यांची स्वतःची छत्री झाली ती आईच्या छत्रीकडे तोंड करून. महाराज ५ जून १९२५ ला पॅरिसला वारले, पण छत्री आईसमोर. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेलं काम पाहायला लोक येतात ते ठीकच. मला मात्र तिथली संध्याकाळ जास्त आवडते. मूर्तींना वस्त्रं नेसवलेली असतात, नैवेद्य दाखवतात, गाणं होतं, जणू माणसं घरातच आहेत.

तळं झालं १९१८ साली. मनियर नदीचं पाणी अडवून सख्यासागर आणि माधवसागर अशी दोन तळी केली. या सालाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, ग्वाल्हेरजवळचं तिघऱ्याचं नवं कोरं धरण फुटलं होतं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे ज्या धरणाला बसवले होते, तेच हे. खालचा वालुकाश्म पाणी पिऊन सैल झाला आणि बांध गेला. दुसरा कुणी असता तर पाणी अडवण्याचं नाव काही वर्षं घेतलं नसतं. माधवराव महाराजांनी छप्पनचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६चा, इंग्रजी १८९९-१९००चा, राज्यावर आल्यानंतर थोड्याच वर्षांत पाहिला होता. पाण्याच्या कामाला त्यांनी हात आखडता घेतला नाही. शिवपुरीची तळी मात्र निव्वळ शेतीसाठी नव्हती, हेही सांगायला हवं. शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला कारण सांगायला नको. दरबार, कचेऱ्या, कारकून, सगळं लटांबर वर शिवपुरीला जायचं. दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी होतीच. ती महाराजांची आवडती. रुळांचं अंतर इतकं कमी की लहानपणी आम्हाला ती खेळण्यातली गाडी वाटायची.

तर या उन्हाळी राजधानीला शोभा म्हणून तळं, तळ्याकाठी सेलिंग क्लब, फिरायला नावा, आणि भोवतीच्या जंगलात शिकार. पाण्याकाठी शूटिंग बॉक्स अजून उभा आहे. वरच्या टेकडीवर, उद्यानातल्या सगळ्यात उंच जागी, जॉर्ज कॅसल आहे. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येणार म्हणून तो बांधला. पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं की तो जिवाजीराव महाराजांनी बांधला. जिवाजीराव महाराजांचा जन्म १९१६चा! जमाखर्च जुळत नाही. तो माधवरावांनीच बांधवला असणार. जिवाजीरावांच्या वाट्याला त्यातलं नाव तेवढं आलं, कारण बादशहाच्या नावावरून त्यांचं नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवलं आणि बहिणीचं मेरी कमलाराजे. बादशहा या कॅसलमध्ये राहिलाच नाही, असंच आम्ही ऐकत आलो. दिल्ली दरबार उरकून तो शिकारीला नेपाळच्या तराईत गेला, हे तर इतिहासातच आहे.

आता शिकारीबद्दल. आपल्यात ही गोष्ट फार अभिमानानं सांगतात, की लाट साहेबांनी अमुक वाघ मारले, महाराजांनी तमुक मारले. महाराजांनी वाघाच्या शिकारीवर पुस्तकही लिहिलं होतं. एवढंच नाही, श्योपूर-कुनोच्या बाजूला आफ्रिकेतून सिंह आणून सोडले होते. त्या सिंहांनी गुरं मारली, माणसांवर हल्ले केले आणि तो खेळ अंगाशी आला. मला या अभिमानात फारसा भाग घेता येत नाही. पण एक गोष्ट मान्य करायला लागते. राजाचं शिकारीचं रान म्हणून ते जंगल राखलं गेलं. इतरांना कुऱ्हाड लावायला बंदी, बंदूक चालवायला बंदी. आजूबाजूची टेकाडं बोडकी झाली आणि हे रान टिकलं. संस्थान विलीन झाल्यावर १९५८ साली सरकारनं त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं ते याच शिलकीवर. तेव्हा ते १६७ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे वाढत साडेतीनशेच्या वर गेलं. लोकशाहीतल्या सरकारनं नाव महाराजांचंच ठेवलं, हेही खरं.

ही बंदी कुणाला पडली? ती पडली सहरिया लोकांना. शिवपुरी-श्योपूरच्या रानातली ही आदिवासी जमात. मध, डिंक, तेंदूपत्ता, खैराचं लाकूड, यांवर त्यांचं घर चालायचं. आपल्या घरच्या शिप्रीच्या आठवणींत दशम्या येतात, लसणीची चटणी येते, नावेत बसून भ्यालेली मामी येते. सहरिया येत नाहीत. मला ते भेटले नोकरीत. ऐंशीच्या दशकात माझी त्या जिल्ह्यात बदली होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली गरिबांना कर्जं द्यायची होती आणि वरून आलेल्या यादीत शेळ्या होत्या. एक सहरिया म्हातारा शाखेत आला. अंगठा लावायच्या आधी त्यानं मला हिंदीत विचारलं, "बाबूजी, बकरी चराऊँगा कहाँ?" त्याच्या झोपडीच्या एका बाजूला दुसऱ्याचं शेत आणि दुसऱ्या बाजूला उद्यानाची हद्द. फॉर्ममध्ये चराईसाठी रकानाच नव्हता. वरच्या कचेरीला टार्गेट पुरं हवं होतं. त्याला कर्ज मिळालं, शेळ्या मिळाल्या. दोन वर्षांनी शेळ्या विकल्या गेल्या होत्या आणि खातं थकलेलं. वसुलीच्या बैठकीत त्याला 'जाणूनबुजून थकवणारा' म्हणून लिहिलं गेलं. मी विरोधात टिपण दिलं, ते फायलीला लागलं एवढंच. नंतरच्या काळात उद्यानाच्या आतल्या गावांचं पुनर्वसनही झालं. तळ्याकाठी शांतता मिळते म्हणून आपण जातो. त्या शांततेचा खर्च कुणाच्या नावे टाकलाय ते एकदा बघावं, एवढंच माझं म्हणणं.

वाघाचं पुढे काय झालं? शिकारीच्या रानातला वाघ शिकार थांबल्यावरही वाचला नाही, तो संपला. माझ्या तिथल्या काळात रानात चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा, बिबट्या होते. वाघाची आठवण तेवढी होती. मग १० मार्च २०२३ रोजी बाहेरून वाघ आणून सोडले. दुसऱ्या माधवरावांचा, म्हणजे आपल्या रेल्वेमंत्री माधवरावांचा, हा जन्मदिवस. पुढे बछडे दिसले आणि मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, देशातला अठ्ठावन्नावा. पणजोबांच्या पिढीनं ज्या रानात वाघ मारले तिथेच नातवंडांच्या पिढीनं पेटीतून वाघ आणून सोडले. या गोष्टीला हसावं की टाळ्या वाजवाव्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तळ्याला मात्र वाघाआधीच मान मिळाला. जुलै २०२२ मध्ये सख्यासागर रामसर यादीत गेल्याची बातमी आली, क्षेत्र २४८ हेक्टर. इंदूरकर मंडळी लगेच सांगतील की त्यांचं सिरपूर आणि यशवंतसागरही त्याच वर्षी यादीत गेले. गेले, आनंद आहे. पण माणसानं बांधलेलं तळं शंभर वर्षांत जगाच्या पाणथळ जागांच्या यादीत बसतं, हे मला वाघापेक्षा मोठं वाटतं. राजाच्या नावा गेल्या, मगरी राहिल्या. राजाच्या पाहुण्यांऐवजी आता हिवाळ्यात उत्तरेकडचे पक्षी येतात. कारकुनाच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल एका कामासाठी ठेवलं आणि व्याज भलत्याच खात्यात जमा झालं.

त्या मुद्दलालाच आता कीड लागली आहे. गावाचं सांडपाणी तळ्यात उतरतं आणि त्यावर जलकुंभी माजते. हिरवंगार दिसतं म्हणून लोक फोटो काढतात. ते हिरवेपण पाण्याचा श्वास कोंडणारं आहे. काढतात, परत येते. मूळ नाल्यात आहे, तळ्यात नाही.

कुणाला जायचं असेल तर हे ध्यानात ठेवा. ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई रस्त्यानं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी लवकर निघालं तर दिवसात जाऊन येणं होतं. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात रानात शिरण्यापेक्षा भदैया कुंडाचा धबधबा बघा. पूर्वी तिथलं पाणी औषधी म्हणून बाटल्या भरून आणत. पूर्वीसारखं काठावर सतरंजी अंथरून पुऱ्या खाणं आता जमणार नाही. ते जंगल आता वाघाचं आहे, गेटवर नियम विचारून घ्या. सेलिंग क्लबच्या पायऱ्यांवरून पाणी छान दिसतं, पण पोरांना खाली उतरू देऊ नका. समोर काठावर जे वाळलेलं ओंडकं पडल्यासारखं दिसतं, ते बहुतेक वेळा ओंडकं नसतं. थंडीत दहा-अकरा वाजता ऊन चढलं की मगरी बाहेर येतात आणि तोंड उघडं ठेवून तासन् तास पडून राहतात. आणि बरोबर कुणी गाईड असेल आणि 'चांदपाठा' म्हणाला तर भांडू नका. त्याला फक्त सख्याराजे कोण ते सांगा, आणि नंतर छत्रीवर घेऊन जा.